मोटारीच्या पत्र्यांतून वीज कशी न्यावी?

मोटारगाडींतून प्रवास करीत असतां गायन ऐकण्याची हौस नवी नाहीं. अमेरिकेंतील गॅल्व्हिन ह्यांच्या कारखान्यानें १९३० सालीं 'मोटोरोला' ह्या नांवाचा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हांपासून ती वाढतच आली आहे. गाडीबरोबर आलेल्या रेडिओस थोडी वीज पुरते; परंतु पुष्कळ तरुणांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं, आणि ते डिकींत मोठा अॅम्प्लिफायर बसवून घेतात. त्यास फार वीज लागत असल्यामुळें थेट बॅटरीपासून जाड वायर आणावी लागते. बॅटरी बहुधा पुढें इंजिनाजवळ, अॅम्प्लिफायर मागें. आणि मध्यें उभा असतो तो पत्रा, ज्यास कारागीर 'फायरवॉल' म्हणतात. ही वायर त्या पत्र्यांतून सुरक्षितपणें कशी न्यावी, एवढ्याच गोष्टीचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय लहान दिसतो, परंतु ह्यांतील एका हयगयीनें उभी गाडी जळूं शकते; म्हणून विद्यार्थ्यांप्रमाणें पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे.

प्रथम हा पत्रा कशासाठीं असतो तें पाहूं. इंजिनाची उष्णता, इंधनाची वाफ, आवाज, आणि आग लागलीच तर तिच्या ज्वाळा, ह्यांपैकीं कांहींही प्रवाशांच्या बाजूस येऊं नये, हें त्याचें काम होय. त्यास पाडलेलें प्रत्येक भोंक म्हणजे तटबंदीस पाडलेलें खिंडार. तें पुनः नीट बुजविलें पाहिजे. शिवाय पत्र्यास भोंक पाडलें कीं त्याची कड सुरीसारखी धारदार राहते, आणि ह्या विषयाचें मर्म त्या कडेंतच आहे.

आतां गाडींतील विजेची रचना ध्यानांत घ्या. घरांतील दिव्यास जाण्याची एक व परतीची एक अशा दोन तारा येतात. मोटारींत मात्र बॅटरीचें ऋण टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असतें, म्हणून सगळा लोखंडी सांगाडा हीच परतीची तार होते. ह्यामुळें तांब्याची बचत होते खरी. पण धन टोकाची उघडी वायर सांगाड्यास कोठेंही टेकली कीं मंडल तेथल्या तेथें पूर्ण होतें. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत आहे असें धरलें, तर दर फेऱ्यास दोन ह्या हिशेबानें एका तासांत ९६,००० स्फोट होतात. ह्या थरथरीनें धारदार कडेवर टेकलेल्या वायरीचें आवरण सारखें घासलें जातें. पहिल्या दिवशीं कांहीं होत नाहीं, पहिल्या महिन्यांतही कदाचित् होत नाहीं. म्हणूनच मनुष्य गाफील राहतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, ही वायर थेट बॅटरीस जोडलेली असल्यानें किल्ली फिरवून गाडी बंद केली तरी तिच्यांतील वीज बंद होत नाहीं. रात्रीं घरासमोर उभ्या असलेल्या गाडींतही ती जागीच असते.

आवरण फाटून तांबें पत्र्यास लागलें तर काय होईल? जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे: तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, अॅम्प्लिफायर नेहमीं ३० अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरी १२ व्होल्टांचीच असली तरी तिचा अंतर्गत रोध फार अल्प. त्यामुळें असें शॉर्ट सर्किट झालें कीं ती ५०० अँपिअर प्रवाहही देऊं शकते. ५०० भागिले ३० म्हणजे १६.७, आणि त्याचा वर्ग सुमारें २७८. अर्थात् त्याच तारेंत नेहमींच्या २७८ पट उष्णता उत्पन्न होते. थोड्याच वेळांत आवरण वितळतें, आणि शेजारच्या वायरी, गालिचा व फोम पेट घेतात. '१२ व्होल्टांचा धक्काही बसत नाहीं, मग भय कसलें?' असें म्हणणारांनीं हा गुणाकार करून पाहावा. धक्का बसत नाहीं हें खरें. पण आग लागण्यास धक्क्याची गरज नसते.

ह्यावर पहिला उपाय फ्यूज. अॅम्प्लिफायरास स्वतःचा फ्यूज असतो, मग दुसरा कशास, असें पुष्कळ जण विचारतात. परंतु तो फ्यूज मागें डिकींत; वायर फाटते ती पुढें पत्र्यापाशीं. तेथून सांगाड्यांत जाणारा प्रवाह मागच्या फ्यूजपर्यंत पोहोंचतच नाहीं, मग तो वितळणार कसा? म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, पत्र्याच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूस बसवावा. फार तर ४५ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच, ही ह्या धंद्यांत मानलेली मर्यादा आहे. त्याहून जवळ बसल्यास उत्तमच, कारण बॅटरी व फ्यूज ह्यांमधील तुकड्यास कोणाचेंच संरक्षण नसतें. हा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठीं असल्यानें त्याचा आंकडा वायरीच्या सहनशक्तीहून मोठा कदापि नसावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणें, किंवा त्या जागीं तारेचा तुकडा अडकविणें, म्हणजे पहारेकरी ओरडतो म्हणून त्यास घालवून देणें होय.

दुसरा उपाय वायरीची जाडी. ३०० वॅट शक्ति देणारा 'डी' वर्गाचा अॅम्प्लिफायर शेंकडा ८० कार्यक्षम मानला, तर तो ३७५ वॅट घेईल, १२.५ व्होल्टांस हा प्रवाह ३० अँपिअर होतो. पांच मीटर लांबीची, १० चौरस मिलिमीटर छेदाची शुद्ध तांब्याची वायर घेतली, तर तिच्यांत सुमारें पाव व्होल्ट खर्चीं पडतो व आठ वॅटांहून कमी उष्णता होते. २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर दोन्ही आंकडे चौपट होतात. बाजारांत अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त वायरही मिळते. अॅल्युमिनियमची विद्युद्वाहकता तांब्याच्या सुमारें शेंकडा ६० असल्यानें ती घ्यावयाची तर अधिक जाड घ्यावी लागते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आरंभीं बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. धन टोक आधीं सोडूं लागल्यास पाना सांगाड्यास लागून मोठी ठिणगी उडते. ऋण टोक आधीं सुटलें म्हणजे हें भय राहत नाहीं. जोडतांना क्रम उलटा, ऋण टोक सर्वांत शेवटीं.

मग पत्र्यांतून तयार वाट आहे काय तें पाहावें. कारखान्यानें वायरींचा जुडगा ज्या रबरी ग्रोमेटांतून नेलेला असतो त्यांत पुष्कळदां जागा असते. कांहीं गाड्यांत न वापरलेलें भोंक रबरी बुचानें बंद केलेलें आढळतें. नवें भोंक हा शेवटचा मार्ग होय. तें पाडावेंच लागलें, तर पत्र्याच्या दोन्ही बाजू पाहिल्यावांचून ड्रिल लावूं नये. पलीकडे ब्रेकच्या, इंधनाच्या किंवा एअरकंडिशनरच्या नळ्या असूं शकतात. पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, आणि हायब्रिड व विजेच्या गाड्यांतील नारिंगी वायरींत प्राणघातक दाबाची वीज असते; त्यांस हातही लावूं नये.

भोंक पाडल्यावर कानशीनें कड गुळगुळीत करावी व उघड्या लोखंडास रंग लावावा. नाहींतर कोंकणासारख्या पावसाच्या प्रदेशांत तेथें गंज चढण्यास वेळ लागत नाहीं. नंतर वायरीस घट्ट बसेल असें रबरी ग्रोमेट बसवावें आणि उरलेली फट सिलिकॉननें बुजवावी. इंजिनाच्या बाजूस वायरीवर नागमोडी प्लॅस्टिक नळी चढवावी. ग्रोमेटाच्या अलीकडे वायरीस खालीं थोडा झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी त्या झोळावरून ठिबकून जातें, आंत शिरत नाहीं. सायलेन्सरची नळी, पंखा, पट्टा, पेडलें व स्टिअरिंगचा दांडा ह्यांपासून वायर दूर ठेवून जागोजाग क्लॅम्पनें पक्की करावी.

हें काम विद्यार्थ्यांनीं आपल्या हातीं घ्यावें असा आमचा हेतु नाहीं. तें जाणत्या कारागिराकडूनच करवावें, आणि त्यापूर्वीं गाडीच्या वॉरंटीच्या अटी वाचाव्या. परंतु गाडी ताब्यांत घेतांना पालकांनीं व मुलांनीं मिळून बॉनेट उघडून तीन गोष्टी अवश्य पाहाव्या: बॅटरीजवळ फ्यूज आहे काय, पत्र्याच्या भोंकांत रबर आहे काय, आणि वायर हलक्या हातानें ओढली असतां तेथें सरकत तर नाहीं ना. ह्यांपैकीं एकही गोष्ट उणी असल्यास गाडी तशीच घरीं आणूं नये. कधीं गाडींत जळका वास आला किंवा धूर दिसला, तर इंजिन बंद करून सर्वांनीं त्वरित खालीं उतरावें, दूर जावें व ११२ ह्या क्रमांकावर मदत मागावी. बॉनेट उघडून आगीस वारा देऊं नये.

फ्यूज योग्य जागीं असेल तर वायर घासली गेल्यास गायन बंद पडेल, एवढेंच. घरचीं माणसें दुरुस्तीचा खर्च कुरकुरत देतील आणि गाडी पुनः रस्त्यास लागेल. एवढ्यावर निभावावें ह्यासाठींच ही सारी खटपट आहे.