काळोखाचा ठेका

गॉथ संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी एवढंच सांगतो : गायकाकडे नंतर लक्ष दे, आधी बास गिटार पकड. एरवी रॉकमध्ये बास मागे राहून गाणं सावरत असतो. इथे तो पुढे येतो आणि धूनच आपल्या हाती घेतो. मुख्य गिटार कोरस, फ्लँजर, डिले अशा पेडलांमधून जाते आणि तिचे सूर ओल्या भिंतीवरच्या रंगासारखे कडेने पसरत जातात. ड्रमर झांजांना फारसा हात लावत नाही; टॉम ड्रमवर जड, घुमणारे ठोके देत राहतो. सूझी अँड द बॅनशीजचा १९८१ चा ‘जूजू’ हा अल्बम लावून बघा. जॉन मॅकगिओकची गिटार आणि बजीचे ड्रम ऐकताना पाय स्थिर ठेवणं अवघड आहे.

पायांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काळे कपडे, पांढरे केलेले चेहरे, काजळाने माखलेले डोळे बघून लोकांना वाटतं, ही मरणाची उपासना चालली आहे. पण गॉथ हे पहिल्यापासून नाचायचं संगीत आहे. मनातलं मळभ लपवू नये, त्याला ठेका द्यावा आणि चारचौघांत त्यावर नाचावं, ही त्यामागची रीत. ती मला फार शहाणपणाची वाटत आली आहे.

२६ जानेवारी १९७९ रोजी नॉर्थम्प्टनची चार पोरं वेलिंगबरो गावातल्या बेक स्टुडिओत शिरली. बाउहाउस हा त्यांचा बँड तेव्हा जेमतेम काही आठवड्यांचा होता. ‘बेला लुगोसीज डेड’ हे साडेनऊ मिनिटांचं गाणं त्यांनी थेट वाजवत, एका दमात ध्वनिमुद्रित केलं. केव्हिन हॅस्किन्सचा ठेका बोसा नोव्हाच्या वळणाचा. त्याखालून डेव्हिड जेचा बास पायरी पायरीने उतरत जातो. डॅनियल अ‍ॅश गिटारवर ओरखडे काढतो आणि ते प्रतिध्वनीत सोडून देतो. पीटर मर्फीचा आवाज येतो तो जवळपास तीन मिनिटांनी. गाणं ज्याच्यावर आहे तो बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या चित्रपटातला ड्रॅक्युला. हा हंगेरियन नट १९५६ मध्ये वारला, तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं होतं.

त्या गाण्यातली मोकळी जागा, घुमत राहणारा प्रत्येक आघात, हे सगळं जमैकाच्या डब संगीतातून आलं आहे. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला आलेल्या माणसांनी ते आपल्या वस्त्यांत रुजवलं आणि पंक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांनी ते कान देऊन ऐकलं. गॉथला सरसकट गोऱ्यांचं संगीत म्हणणाऱ्यांनी आणि मिरवणाऱ्यांनीही हे ऋण विसरू नये.

हे गाणं मुद्रित झालं तो हिवाळा ब्रिटनमध्ये संपांचा होता. त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये कबरी खोदणारे कामगारही संपावर गेले आणि प्रेतं दफनाविना पडून राहिली. अशा हवेत शवपेटीवरचं गाणं निघालं, यात मला नाटकीपणा दिसत नाही. मँचेस्टरकडे जॉय डिव्हिजन, क्रॉलीत द क्युअर, सगळे त्याच अंधाऱ्या रंगात वाजवत होते. जॉय डिव्हिजनचा इयन कर्टिस मे १९८० मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या करून गेला. त्या मृत्यूभोवती वलय उभं करणं मला कधीच पटलेलं नाही. त्याची गाणी मोठी आहेत, ती त्याने जिवंतपणी केली म्हणून.

माझं सगळ्यात लाडकं गाव लीड्स. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या बायका ‘यॉर्कशर रिपर’ या खुन्याच्या दहशतीखाली होत्या. रात्री बाहेर पडू नका, असं पोलीस बायकांनाच बजावत, म्हणून १९७७ मध्ये बायकांनी मशाली घेऊन रात्री मोर्चा काढला. जानेवारी १९८१ मध्ये तो खुनी पकडला गेला. १३ खून त्याच्यावर शाबित झाले. त्याच शहरात १९८० मध्ये अँड्र्यू एल्ड्रिचने ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा बँड सुरू केला. पुढे ड्रमरच्या जागी एक ड्रम मशीन आलं, त्याला ‘डॉक्टर अ‍ॅव्हलाँच’ असं नाव मिळालं आणि बँडमधली माणसं येत-जात राहिली तरी डॉक्टर टिकून राहिले. यंत्राचा न थकणारा, निर्विकार ठेका आणि त्यावर एल्ड्रिचचा खर्जातला आवाज! आपण गॉथ आहोत हे तो आजवर नाकारत आला आहे. चाहत्यांनी त्याचं ऐकलेलं नाही, आणि बरं केलं.

१९८२ मध्ये लंडनच्या सोहोत ‘बॅटकेव्ह’ क्लब सुरू झाला आणि वर्तमानपत्रांना छायाचित्रं मिळाली. तिथून पुढे पोशाखाचीच चर्चा अधिक झाली. पण पोशाखातही इतिहास आहे. व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणारा जेट हा काळा दगड, पती अल्बर्टच्या निधनानंतर व्हिक्टोरिया राणीने सुतकात वापरला आणि त्याचे दागिने घरोघरी गेले. ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युलाला इंग्लंडमध्ये उतरवलं तेही व्हिटबीलाच, आणि १९९४ पासून गॉथ मंडळी तिथे जमू लागली. जर्मनीतल्या लाइपझिगचा ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफेन’ महोत्सव १९९२ चा. दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुटीत सुमारे २०,००० माणसं येतात. मखमली झगे सावरत ती शहराच्या ट्राममधून हिंडतात, बागेत चादरी अंथरून व्हिक्टोरियन थाटात खातात-पितात. त्यांत पिकल्या केसांची जोडपी असतात, बाबागाडीतली पोरंही असतात.

या माणसांनी मार खाल्ला आहे, तोही नुसत्या दिसण्यापायी. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशरच्या बेकप गावी एका बागेत पोरांच्या टोळक्याने सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला तुडवलं. ती त्याला वाचवायला वाकली होती. ती वाचली नाही. तिच्या आईने तिच्या नावाने संस्था उभी केली आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करायला सुरुवात केली.

गॉथ पोरं स्वतःला इजा करून घेतात, हा आरोप मात्र नीट तपासायला हवा. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १,२५८ तरुणांचा अभ्यास छापून आला. स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्यांत हे प्रमाण जास्त आढळलं, हे खरं. पण आधीच त्रासलेली मुलं या गटाकडे ओढली जात असावीत, ही शक्यताही संशोधकांनी मांडली होती. मथळ्यांनी पहिला भाग उचलला. ग्रेस यांच्या कवितेत रमलेल्या वाचकाला दुसरा भाग चटकन पटेल. उदास माणूस उदास शब्दांकडे जातो, कारण तिथे त्याला कोणी ‘हस बघू’ म्हणत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. त्याच दिवशी द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला, तब्बल १६ वर्षांनंतरचा नवा अल्बम. मधल्या काळात बँडचा गायक रॉबर्ट स्मिथचे आई, वडील आणि थोरला भाऊ गेले होते. भावावरचं गाणं त्यात आहे; ते साधं आहे, आणि मी ते अजून सलग ऐकू शकत नाही. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ च्या ‘विश’नंतर प्रथमच. अल्बम आला त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी थिएटरमधला कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला, तेव्हा इकडे मध्यरात्र उलटली होती. नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून झाल्यावर बँड जुन्या गाण्यांकडे वळला आणि तीन तास होत आले तरी ६५ वर्षांचा स्मिथ थांबायला तयार नव्हता.