डोळा लांबतो तेव्हा

मुलाला फळ्यावरचे दिसेना म्हणून मायनस एकचा चष्मा लागला. वर्षाने तो पावणेदोनचा झाला, मग अडीचचा. आपल्याकडे या साऱ्याचा हिशेब नंबरातच होतो. नंबर वाढला की काचा बदलायच्या आणि पुढच्या तपासणीपर्यंत विषय बंद. पण त्या वाढत्या नंबरामागे मुलाचा डोळाच लांब होत असतो. साधा चष्मा फळा स्पष्ट दाखवतो, डोळ्याची वाढ आवरत नाही.

जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो. मोठेपणी तो २४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावतो. ही वाढ फार काटेकोर व्हावी लागते, कारण प्रकाश जिथे एकवटतो नेमके तिथेच दृष्टिपटल यायला हवे. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. आतले दृष्टिपटल मात्र ताणले जाऊन पातळ होते. मोठ्या नंबराच्या माणसांना पुढे पडदा सुटण्याचा, त्याचा मध्यभाग झिजण्याचा आणि काचबिंदूचा धोका अधिक असतो. सातव्या वर्षी नंबर लागला तर काळजी जास्त, कारण वाढीची कितीतरी वर्षे अजून पुढे असतात.

डोळ्याने किती वाढायचे, हे कोण ठरवते? १९७७ मध्ये टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राविओला यांनी माकडांच्या पिल्लांच्या शिवून बंद केलेल्या पापण्यांमागचे डोळे तपासले. ते जास्त लांबले होते. म्हणजे डोळा जे पाहतो त्यावरून त्याची वाढ ठरते. आईवडिलांना नंबर असला तर मुलांना तो लागण्याची शक्यता वाढते हे खरे. पण सगळा दोष आनुवंशिकतेवर टाकता येत नाही. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत जेमतेम ३ टक्के. सिडनीची मुले आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर असायची, सिंगापूरची ३ तास.

हा निव्वळ योगायोग नाही ना, हे चीनमधल्या ग्वांगझू शहरात तपासले गेले. बारा प्राथमिक शाळांपैकी सहांमध्ये पहिलीच्या मुलांसाठी रोज ४० मिनिटांचा मैदानाचा जादा तास ठेवला, उरलेल्या सहांमध्ये काहीच बदलले नाही. तीन वर्षांनी मैदानावर जाणाऱ्यांपैकी ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला होता, इतरांपैकी ३९.५ टक्के मुलांना. ना औषध, ना यंत्र, फक्त एक तास वेळापत्रकात घातला होता!

कारण बहुधा उजेडात आहे. चांगल्या दिवे लावलेल्या वर्गात ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांवर जातो. तेज प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन जास्त स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालते. कोंबडीच्या पिल्लांमध्ये डोपामिनचे काम औषधाने अडवले, तेव्हा तेज उजेडाचा फायदाही नाहीसा झाला. सावलीनेही काम भागते, त्यामुळे विदर्भातल्या एप्रिलच्या उन्हात मुलांना उभे करायची गरज नाही. डोक्यावर टोपी आणि कडुनिंबाची सावली चालेल. दिल्लीच्या शाळांतल्या पाहणीतही रोज दोन तासांहून अधिक खेळणाऱ्या मुलांमध्ये हा दोष कमी आढळला.

पण हे दोन तास आणायचे कुठून? शाळा, मग शिकवणी, आणि मूल मोकळे होते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. हे एकट्या आईवडिलांवर सोडणे मला अन्यायाचे वाटते. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटे बाहेर घालवण्याचा कार्यक्रम शाळांमधूनच राबवला. आपल्या शाळांनीही मधली सुट्टी वर्गाबाहेर काढावी आणि खेळाचा तास गणिताला देऊ नये.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवे. उजेडाचा उपयोग मुख्यतः नंबर लागण्याआधी होतो; लागल्यानंतर त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा चष्मा पूर्ण नंबराचा द्यावा. ‘सवय लागेल’ म्हणून कमी नंबर दिला, तर मलेशियातल्या २००२ च्या अभ्यासात दोष उलट वेगाने वाढला. ॲट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब रात्री घातल्याने वाढ मंदावते; दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत ०.०१ टक्के थेंबांनी नंबर वाढण्याचा वेग कमी झाला, तर हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ टक्के अधिक प्रभावी ठरले. हे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घालावेत आणि मनाने बंद करू नयेत, कारण मध्येच सोडले तर नंबर पुन्हा उसळू शकतो. मध्यभागी नेहमीचा नंबर आणि भोवती बारीक भिंगे असलेल्या खास काचाही आता मिळतात. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा काचांनी नंबराची वाढ निम्म्यावर आणली. महाग आहेत, ही अडचण खरी आहे.

मुलांची तपासणी डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करूनच व्हावी. नाहीतर ताणलेल्या स्नायूंमुळे नंबर खोटा वाढीव निघतो. जिथे सोय असेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून मागावी. त्याला काही सेकंद लागतात, डोळ्याला स्पर्शही होत नाही. तो मिलिमीटरचा आकडा फाइलीत ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा मोजला, की चालू असलेला उपाय लागू पडतो आहे की बदलायला हवा, हे डॉक्टरांना ठरवता येते.