पुराच्या गावातलं वाचन मंदिर

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. टिळक तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांचं नाव संस्थेला मिळालं ते नंतर. गावात सगळे ‘लोटिस्मा’च म्हणतात. तेव्हाचं चिपळूण हे खाडीच्या काठचं व्यापारी गाव होतं. कुंभार्ली घाटातून उतरलेला माल गोवळकोटच्या बंदरातून गलबतांवर चढे. जिल्ह्याच्या गावी, रत्नागिरीत, १८२८ पासून वाचनालय होतं. पण तालुक्याच्या गावातल्या लोकांनी आपल्या हिमतीवर असं काही उभं करावं, याचं मला फार मोल वाटतं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ साली, म्हणजे शंभरी उलटून गेल्यावर. कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ मध्येच केला होता, हेही सांगायला हवं.

पण लोटिस्माचा मागोवा घ्यायचा तर वाशिष्ठीपाशी थांबावंच लागतं. सह्याद्रीवरचा पाऊस, विजेसाठी वापरून सोडलेलं कोयनेचं पाणी आणि खालून चढणारी भरती, हे सगळं याच नदीच्या वाट्याला येतं. २६ जुलै २००५ ला पाणी बाजारपेठेत आणि वाचनालयात शिरलं. २२ जुलै २०२१ ला, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, पुन्हा शिरलं. भिजलेलं पुस्तक वाचवणं फार अवघड. गुळगुळीत कागदाची पानं एकदा चिकटली की सुटत नाहीत, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि कोकणातल्या जुलैत वाळवायला ऊन कुठून आणायचं? कादंबरी गेली तर दुसरी प्रत मिळते. जुनं स्थानिक साप्ताहिक, शाळेची स्मरणिका, गावच्या कुणी पदरमोड करून छापलेली पुस्तिका, यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. गावाचा इतिहास असतो तो नेमका याच कागदांत.

दोन्ही वेळा संस्था उठली. ठिकठिकाणाहून पुस्तकं आली, कपाटं पुन्हा भरली. दोन पुरांच्या मधल्या काळात, जानेवारी २०१३ मध्ये, ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संस्थेने चिपळूणला घेतलं. अध्यक्ष होते नागनाथ कोत्तापल्ले. एका वाचनालयाने संमेलनाचा भार उचलावा, ही लहान गोष्ट नव्हे. तरी मला त्याहून मोठं वाटतं ते संस्थेने उभारलेलं कोकणचं वस्तुसंग्रहालय. माणसं पुस्तक बदलायला येतात आणि आपल्याच मुलखाच्या जुन्या वस्तूंपुढे उभी राहतात. वाचनालयाने गावाची सेवा करायची म्हणजे काय, तर हे. देवघेव तर हवीच. पण गावाची आठवण राखण्याचं काम दुसरं कोण करणार? नगरपालिकेकडे त्याला सवड नाही आणि घरोघरी जागा नाही.

आता गरज आहे ती दुर्मीळ कागद वरच्या मजल्यावर हलवण्याची आणि त्यांच्या डिजिटल प्रती करून त्या दुसऱ्या गावीही ठेवण्याची. अनुदान देताना सरकारने पूररेषेतल्या वाचनालयांसाठी हा खर्च वेगळा धरावा. आणि वाचकहो, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी स्मरणिका, बंदराच्या पावत्या, गावच्या नाटकाची हस्तपत्रकं असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ती आपल्या गावच्या ग्रंथपालांना नेऊन दाखवा.