चवली, पावली आणि द्विमान संख्या

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होत. आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. प्रत्येक नाणे आधीच्याच्या दुप्पट. द्विमान संख्या, म्हणजे फक्त ० आणि १ या दोन अंकांत लिहिलेली संख्या, वाचायला शिकण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही.

११०१ ही संख्या घ्या. हिला ‘अकराशे एक’ म्हणायचे नाही, ‘एक-एक-शून्य-एक’ म्हणायचे. उजवीकडून घरे आखा : आणा, चवली, पावली, अधेली. १ म्हणजे ते नाणे तळहातावर आहे, ० म्हणजे नाही. इथे अधेली आहे, पावली आहे, चवली नाही, आणा आहे. आठ, चार आणि एक, झाले तेरा. चारही नाणी एकेकच असली तरी शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम देता येते, आणि तीही एकाच प्रकारे. या पद्धतीची सगळी ताकद त्यातच आहे. गणितज्ञ लाइबनिझने हे गणित १७०३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. संगणकात नाण्याच्या जागी विजेची चालू-बंद कळ आली, एवढेच.

पाचवे घर रुपयाचे. आता १०११० तुम्ही वाचा. उत्तर एक रुपया सहा आणे, म्हणजे बावीस, यायला हवे.