गुण आला तो कशाने?

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधील सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांतील ५० हजार मुलांनी एक मोठे काम केले. आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या योजनेनुसार त्यांनी घरच्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या गोष्टी, चालीरीती व घरगुती औषधे वह्यांत उतरवली. त्या वह्या आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये जपून ठेवल्या आहेत. आयर्लंडमधले असे काही उपाय आपण तपासून पाहू.

चामखिळीवर गोगलगाय चोळायची आणि ती काट्यावर टोचून ठेवायची. ती वाळत जाईल तशी चामखीळही जाते, अशी समजूत. चामखीळ विषाणूमुळे होते आणि मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात. म्हणजे उपायानंतर गुण आला, एवढ्यावरून तो उपायामुळेच आला असे म्हणता येत नाही.

दुसरा उपाय नेटल या खाजऱ्या वनस्पतीवरचा. तिचे केस पोकळ सुईसारखे असतात. ते टोचले की हिस्टामीनसारखी रसायने त्वचेत शिरतात आणि आग होते. त्यावर डॉकचे पान चोळतात. नेटलमधील फॉर्मिक आम्लाचे डॉकच्या रसाने उदासिनीकरण होते, असे कारण सांगितले जाते. परंतु नेटलमधील फॉर्मिक आम्ल इतके थोडे असते की सगळी आग त्याने होणे शक्य नाही. शिवाय डॉक ही आपल्या चुक्याच्याच प्रजातीतील वनस्पती. चुका आंबट लागतो तो ऑक्झॅलिक आम्लामुळे, आणि डॉकमध्येही तेच आम्ल असते. मग आम्लाने आम्लाचे उदासिनीकरण कसे होणार? पानाचा गारवा, चोळणे आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरणारी आग, एवढाच हा गुण असावा.

म्हणून सगळेच उपाय मोडीत काढायचे का? उत्तर आयर्लंडमधील बोहो गावात चर्चच्या आवारातील माती फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात. दातदुखी, घसादुखी थांबते म्हणून. २०१८ मध्ये स्वान्झी विद्यापीठातील संशोधकांना बोहोच्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंचा एक नवा प्रकार सापडला. औषधांना दाद न देणाऱ्या काही रोगजंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. पण उशाखालच्या मातीने दात बरा होतो, हे यातून सिद्ध होत नाही. आणि जखमेला माती लावली तर धनुर्वाताचा धोका असतो.

आयरिश मुलांसारखे आपल्या विद्यार्थ्यांनाही आजी-आजोबांकडून उपाय लिहून आणायला सांगता येईल. ते करून मात्र पाहू नयेत. प्रत्येक उपायापुढे तीन प्रश्न लिहावेत: हे दुखणे आपोआप बरे होते का? उपाय न करणाऱ्यांचे काय झाले? सांगितलेले कारण तपासता येते का? तिसऱ्या प्रश्नाची सुरुवात वर्गातच करू या. चुक्याचे पान ठेचून रसाचा थेंब निळ्या लिटमसवर टाकू आणि रंग काय होतो ते पाहू.