खुणांची भाषा : लेखांक 6 – वरचे मडके आधी

पूर्वी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. तळातले धान्य हवे असेल तर वरचे प्रत्येक मडके क्रमाने उतरवावे लागे. मधलेच ओढून काढायला गेले, तर खापऱ्याच हाती येत. संगणकाच्या मजकुरातले टॅग एकात एक नीट बसले आहेत की नाहीत, हे तपासणारा प्रोग्राम मनात नेमकी अशीच उतरंड रचतो. इंग्रजीत तिला 'स्टॅक' म्हणतात.

मागच्या लेखांकात उघडणारा आणि बंद होणारा टॅग म्हणजे काय ते पाहिले. आता हे उदाहरण पाहा. एक्सएमएलमध्ये टॅगांची नावे देवनागरीत चालतात, तेव्हा ते मराठीतच घेऊ :

<पाककृती><साहित्य>रवा, साखर, तूप</पाककृती></साहित्य>

मोजून पाहिले तर दोन टॅग उघडले आणि दोन बंद झाले. नावेही जुळतात. तरीही हा मजकूर चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे मोजणीला कधीच कळणार नाही. तपासणारा प्रोग्राम डावीकडून वाचत जातो. 'पाककृती' उघडला, तो उतरंडीत ठेवला. 'साहित्य' उघडला, तो त्यावर चढवला. पुढे बंद होणारा टॅग आला, तो 'पाककृती'चा. पण वर 'साहित्य' आहे! तपासणी तिथेच थांबते. एक्सएमएल 1.0 हे मानक 10 फेब्रुवारी 1998 ला जाहीर झाले. त्यात अशा चुकीला माफी नाही. चूक सापडल्यावर पुढचा मजकूर नेहमीसारखा वाचत राहायची वाचकप्रोग्रामला परवानगीच नाही.

या उतरंडीचा एक धागा अमेरिकेतल्या ट्रॉय शहरापर्यंत जातो. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या पूर्व काठावरचे हे जुने गिरण्या-कारखान्यांचे गाव. सदऱ्यांच्या सुट्या कॉलरी इथे इतक्या बनत, की 'कॉलर सिटी' हे त्याचे दुसरे नाव झाले. नदीकडून चढण चढून गेले की 1824 साली स्थापन झालेली रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट लागते. तिचे संगणक केंद्र एका जुन्या चॅपेलच्या वास्तूत आहे. डेव्हिड मुसर याच संस्थेत प्राध्यापक होते. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामातून सी प्लस प्लस भाषेची 'स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी' आकाराला आली. स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत ती पूर्णत्वाला नेली, 1994 मध्ये मानक समितीने ती स्वीकारली आणि 1998 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकात ती समाविष्ट झाली. एक्सएमएलचेही वर्ष तेच. स्टॅक या लायब्ररीत तयार मिळतो. आज टॅग तपासण्याचे कोडे सी प्लस प्लसमध्ये सोडवणारा विद्यार्थी, मग तो पुण्याचा असो की ट्रॉयचा, बहुधा त्याच स्टॅककडे हात नेतो.

त्या स्टॅकची मुख्य कामे तीन : वर ठेवणे, वरचे पाहणे, वरचे काढणे. यातल्या 'पाहणे'त मोठा खड्डा आहे. समजा मजकुराची सुरुवातच बंद होणाऱ्या टॅगने झाली. उतरंड तर रिकामी! रिकाम्या स्टॅकचे वरचे टोक मागितले तर काय हाती येईल, याची सी प्लस प्लसचे मानक कसलीही हमी देत नाही. प्रोग्राम कोसळेल किंवा भलतेच उत्तर देईल. म्हणून आधी 'रिकामा आहे का?' हे विचारायचे आणि मगच वर पाहायचे. दुसरी राहून जाणारी तपासणी शेवटची : मजकूर संपला, पण उतरंडीत एखादे मडके उरलेच असेल, तर कोणता तरी टॅग बंद झालेला नाही. बंद होणारे सगळे टॅग बरोबर जुळले म्हणून निर्धास्त झालेला नवशिका नेमका इथे चुकतो.

आणखी एक अडचण 'सीडेटा' विभागाची. त्याच्या आतले सगळे केवळ मजकूर मानायचे, मग ते टॅगसारखे दिसो वा न दिसो. तिथे उतरंडीला हातसुद्धा लावायचा नाही. विभाग संपवणारी खूण पहिल्यांदा दिसेल तिथे तो संपतो.

वेबपानांची एचटीएमएल मात्र मायाळू आहे. ठळक आणि तिरप्या अक्षरांचे टॅग एकमेकांत अडकले, तरी ब्राउझर पान दाखवतो. हे सांभाळून घेणे कोणत्या पायऱ्यांनी करायचे तेही मानकात लिहिले आहे, आणि त्या पद्धतीचे नाव आहे 'अडॉप्शन एजन्सी', म्हणजे दत्तकसंस्था. चुकीच्या घरात सापडलेले लेकरू योग्य पालकाकडे सोपवायचे. सामान्य वाचकासाठी हे चांगलेच आहे. बँकेचा किंवा दवाखान्याचा हिशेब एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जात असेल, तिथे मात्र एक्सएमएलची कठोरताच हवी.

देवनागरीत टॅग लिहिणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. पाककृतीत <पायऱ्या> असा टॅग घेतला. यातला अर्धा र, मराठीचा खास अक्षरविशेष, दोन-तीन प्रकारे टंकता येतो. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, साध्या 'र'ला नुक्ता जोडूनही तेच अक्षर होते आणि 'र'नंतर हलन्त व अदृश्य जोडखूण देऊनही पडद्यावर तसाच आकार उमटतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. एक्सएमएल मात्र नावे जुळवताना आकार पाहत नाही, आतले क्रमांक पाहते. उघडणारा टॅग एका कळफलकावर आणि बंद होणारा दुसऱ्यावर टंकला गेला, तर 'पायऱ्या'वर 'पायऱ्या' बसत नाही आणि चूक झाल्याचा संदेश येतो. त्या संदेशात दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली असतात, अगदी सारखी.