कोणता टेलिफोन कोणत्या तारेला?



आमचें सोनगीर हें मुंबई-आग्रा रस्त्यावरचें, किल्ल्याच्या पायथ्याचें गांव. तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल त्याची ख्याति आहे. येथील दुकानांत एकाच घाटाचीं दोन पातेलीं शेजारीं-शेजारीं ठेवलेलीं दिसतात. एकास आंतून कल्हई असते, दुसऱ्यास नसते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हीं सारखींच. पण बिनकल्हईच्या पातेल्यांत रात्रभर ताक ठेवावें, म्हणजे सकाळीं तें कळकलेलें सांपडतें. कचेरींतील टेलिफोनाचीहि नेमकी हीच गोष्ट आहे. भिंतीवरची खांच सारखी, आंतला व्यवहार निराळा. हा भेद न ओळखल्यानें काय ओढवतें, तें मीं स्वतः अनुभवलें आहे.

२०११ सालच्या पावसाळ्यांत मी एका निवासी शाळेंत नोकरीस होतों. कचेरींत एक लहानसें एक्स्चेंज होतें. त्यास ईपीएबीएक्स म्हणतात. वसतिगृह, स्वयंपाकघर व फाटक येथें त्याच्या तारा गेल्या होत्या. वसतिगृहांतील यंत्र बिघडलें, तेव्हां कारागिराची वाट न पाहतां मींच बाजारांतून एक साधा टेलिफोन आणला. दुकानदारानें तो माझ्यादेखत आपल्या तारेवर लावून वाजवून दाखविला होता. वसतिगृहाच्या खांचेंत त्याची तार नीट बसली आणि मी समाधानानें परत फिरलों. रिसीव्हर उचलून पाहण्याचें मात्र मला सुचलें नाहीं.

तिसऱ्या रात्रीं एका लहान मुलास विंचू चावला. अधीक्षकांनीं रिसीव्हर कानाला लावला, तों त्यांत कसलाच आवाज नाहीं. मोबाइलला तेथें रेंज मिळत नसे. अखेर एक मोठा मुलगा भर पावसांत फाटकापर्यंत धांवत गेला, तेव्हां गाडी आली. मूल वांचलें, ही देवाची कृपा. परंतु वायां गेलेली तीं पंधरा-वीस मिनिटें माझ्या नांवावर आहेत.

दुकानांत खणखणीत वाजलेला टेलिफोन शाळेंत मुका कां झाला?

साध्या टेलिफोनास अॅनालॉग म्हणतात. बेल यांनीं १८७६ सालीं टेलिफोनाचें पेटंट घेतलें आणि १८८२ सालीं मुंबईंत एक्स्चेंज सुरू झालें. पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि आवाजाच्या चढउताराप्रमाणें विजेचा प्रवाह कमीजास्त व्हावा, हें मूळ तत्त्व या यंत्रांत कायम राहिलें. एक्स्चेंज दोन तारांवर सुमारें ४८ व्होल्टचा दाब ठेवतें. आपण रिसीव्हर उचलला कीं मंडल पुरें होऊन प्रवाह वाहूं लागतो. त्यावरून एक्स्चेंज ओळखतें कीं, कोणास तरी बोलावयाचें आहे, आणि आपल्या कानीं डायलचा सूर येतो. घंटा वाजवावयाची असली म्हणजे त्याच तारांवर सुमारें ७५ व्होल्टचा, सेकंदास वीस-पंचवीस आवर्तनें घेणारा प्रवाह सोडला जातो.

डिजिटल टेलिफोनाची रीत याहून अगदीं वेगळी. त्याच्या पोटांत जणूं एक लहानसा संगणकच असतो. तो आपल्या आवाजाचे अंक बनवितो, व एक्स्चेंजशीं त्याची अंकांची देवघेव अखंड चाललेली असते. दिवा लाव, घंटा वाजव, अमुक बटण दाबलें गेलें, असे सारे निरोप अंकांतच जातात. त्या तारेवर घंटेचा तो जोरदार प्रवाह कधीं येतच नाहीं. अशा तारेस साधा टेलिफोन लावला, तर एक्स्चेंज हांक मारतें आणि यास तिचें उत्तर देतां येत नाहीं. तेव्हां तेथें कोणी नाहींच, असें एक्स्चेंज धरून चालतें. आमच्या वसतिगृहाची तार डिजिटल होती. म्हणून ना सूर, ना घंटा.

याच्या उलट चूक अधिक खर्चाची. कचेरींतला डिजिटल टेलिफोन घरच्या साध्या तारेस लावला, तर तो बोलत तर नाहींच. वर घंटेच्या प्रवाहानें त्याच्या आंतील नाजूक भाग जळण्याचा संभव असतो. साध्या तारेसाठीं केलेलें फॅक्सयंत्र वा मोडेम डिजिटल तारेवर लावल्यास तेंहि बिघडूं शकतें. शिवाय डिजिटल टेलिफोनांची भाषा कंपनीगणिक निराळी. एकीचें यंत्र दुसरीच्या एक्स्चेंजवर बहुधा चालत नाहीं.

आतां तिसरी जात आली आहे, ती आयपी टेलिफोनाची. तो संगणकाच्या जाळ्यास जोडतात. त्याची खांच आठ पात्यांची व रुंद असते. साध्या टेलिफोनाची अरुंद खुंटी तींत शिरते खरी, पण बाजूचीं पातीं वांकविते. कांहीं ठिकाणीं याच तारेंतून वीजहि दिलेली असते. चांगलें उपकरण समोर कोण आहे याची आधीं खात्री करून मगच वीज सोडतें. परंतु तशी चौकशी न करणारींहि उपकरणें असतात, आणि तेथें धोका आहे.

मग करावें काय? जुनें यंत्र उलटें करून त्यावरील चिठ्ठी वाचावी आणि तसेंच यंत्र मागावें. तार अॅनालॉग कीं डिजिटल, हें एक्स्चेंज पाहणाऱ्यास विचारावें व भिंतीवरील खांचेपाशीं ठळक अक्षरांत लिहून ठेवावें. शंका असल्यास लावून पाहण्याचा प्रयोग करूं नये. आणि यंत्र जोडल्यावर एकदां येथून बाहेर व एकदां बाहेरून येथें बोलून पाहिल्यावांचून जागा सोडूं नये.

आमच्या शाळेंत दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्यानें वसतिगृहाची तार एक्स्चेंजमधील डिजिटल जागेवरून काढून साध्या जागेवर जोडली, आणि तोच टेलिफोन खणखणूं लागला. यंत्रांत दोष नव्हता, तारेंतहि नव्हता. दोष होता तो न विचारतां जोडणाऱ्या माझ्या हाताचा. जन्मभर मुलांना मी सांगत आलों कीं, उत्तर लिहिल्यावर ताळा करून पाहा. त्या दिवशीं तो ताळा मींच केला नाहीं. आपण तो कराल, एवढीच विनंती.